ताळेबंदामागची पानं: कंपनीने दिलेली खरेदीची वचनं आणि डोक्यावरचे दावे कसे तपासायचे

मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करतो. आकड्यांची रोजची सवय, त्यामुळे स्वतःच्या पैशाने शेअर घ्यायला लागलो तेव्हा फार विचार केला नाही. रसायनं बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीचे शेअर घेतले होते. कर्ज जवळजवळ नाही, नफा वाढता, लाभांश वेळच्या वेळी. दोन वर्षांनी बातमी आली की कच्चा माल पुरवणाऱ्या परदेशी कंपनीने लवादात आमच्या कंपनीविरुद्ध दावा जिंकला. करारात ठरलेला माल आमच्या कंपनीने उचलला नव्हता आणि त्याची भरपाई द्यायची होती. रक्कम दोन-अडीच वर्षांच्या नफ्याएवढी. शेअर पडत पडत निम्म्यावर आला.

त्या रात्री मी जुने वार्षिक अहवाल काढून बसलो. ती ओळ तिथे होती. सलग चार वर्षं, त्याच शब्दांत: ‘कंपनीविरुद्धचे दावे, जे देणं म्हणून मान्य केलेले नाहीत.’ पुढे आकडा, आणि तो दरवर्षी थोडा वाढलेला. मी ताळेबंद पाहिला होता, नफा-तोटा पत्रक पाहिलं होतं, पण मागच्या टिपांपर्यंत गेलोच नव्हतो. दुसऱ्यांच्या हिशेबात दिवसभर टिपा तपासणारा माणूस स्वतःच्या पैशाच्या वेळी तिथे पोचला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शेअरबाजारात नव्याने आलेल्या कुणाची अशी रात्र जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कॉमर्सची पदवी लागत नाही. अहवालाची पीडीएफ, एक वही आणि शांतपणे दोन तास एवढं पुरे.

पायरी १: आधी पान सापडायला हवं

वार्षिक अहवाल बीएसई आणि एनएसईच्या साइटवर कंपनीच्या नावाखाली फुकट मिळतो. अडीचशे-तीनशे पानं असतात आणि पहिली शंभर पानं फोटो, अध्यक्षांचं पत्र, पुरस्कार यांत जातात. ती सोडा. ऑडिटरच्या अहवालावर या. त्याच्या शेवटाकडे एक ठरलेलं वाक्य असतं: प्रलंबित खटल्यांचा कंपनीच्या आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम अमुक क्रमांकाच्या टिपेत दिला आहे. हे सांगणं ऑडिटरला नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे टिपेचा नंबर इथे हमखास मिळतो. तरीही खात्रीसाठी ‘कंटिंजंट’ आणि ‘कमिटमेंट’ हे दोन शब्द इंग्रजी स्पेलिंगने पीडीएफमध्ये शोधा आणि जिथे जिथे सापडतील ती सगळी पानं वहीत नोंदवा.

अहवालात हिशेब दोनदा असतो. एकट्या कंपनीचा, म्हणजे स्टँडअलोन, आणि उपकंपन्यांसह, म्हणजे कन्सॉलिडेटेड. दोन्हींतली टीप वाचा. कारण साधं आहे. मूळ कंपनीने उपकंपनीच्या कर्जाला बँकेकडे हमी दिली असेल, तर ती हमी स्टँडअलोनच्या टिपेत दिसते. कन्सॉलिडेटेडमध्ये ते कर्ज थेट ताळेबंदात आलेलं असतं, म्हणून हमीची ओळ तिथून गायब होते. एकच वाचलंत तर अर्धं चित्र हाती येतं.

पायरी २: तीन कप्पे ओळखा

मोठ्या आणि सूचिबद्ध कंपन्यांना इंड एएस ३७ हे हिशेबाचं मानक लागू आहे. त्यानुसार कंपनीवरचा कुठलाही दावा तीनपैकी एका कप्प्यात जातो. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज करता येत असेल, तर तरतूद करायची. ती रक्कम लगेच नफ्यातून वजा होते आणि ताळेबंदात देणं म्हणून दिसते. पैसे जाऊ शकतात पण जातीलच असं वाटत नाही, तर फक्त टिपेत लिहायचं. हीच ती संभाव्य देयता, म्हणजे कंटिंजंट लायबिलिटी. नफ्याला धक्का नाही, ताळेबंदाला धक्का नाही. आणि शक्यता अगदीच दूरची असेल, तर काहीच लिहायचं नाही.

आता हे नीट लक्षात घ्या. कुठला दावा कुठल्या कप्प्यात टाकायचा हे कंपनीचं व्यवस्थापन ठरवतं. वकिलाचं मत घेतं, ऑडिटर प्रश्न विचारतो, पण पहिला निर्णय कंपनीचाच. ‘केस भक्कम आहे’ असं वकिलाने लिहून दिलं की दावा मधल्या कप्प्यात जातो. टिपेत जवळजवळ प्रत्येक कंपनी ‘कायदेशीर सल्ल्यानुसार निकाल आपल्या बाजूने लागेल असा विश्वास आहे’ असं लिहिते. या वाक्याला स्वतंत्र वजन देऊ नका. जिंकणाऱ्याच्या अहवालात ते असतं आणि हरणाऱ्याच्याही.

तरतुदींची टीपही एकदा पाहा. वर्षाच्या सुरुवातीची रक्कम, नव्याने केलेली, वापरलेली आणि आता लागणार नाही म्हणून परत फिरवलेली, असे रकाने असतात. परत फिरवलेली रक्कम मोठी असेल तर त्या वर्षीचा नफा तेवढ्याने फुगलेला असतो.

पायरी ३: खरेदीची वचनं

कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे कमिटमेंट्सच्या, म्हणजे दिलेल्या वचनांच्या, खाली तीन ओळी येतात: भांडवली खात्यावरचे अजून पुरे व्हायचे करार, अर्धवट पैसे भरलेल्या शेअर्सवरची बाकी, आणि इतर. मधली ओळ बहुतेक वेळा रिकामी असते.

पहिली ओळ म्हणजे यंत्रं, कारखाना, जमीन, जहाजं, विमानं यांच्या ऑर्डरी. ऑर्डर दिली, पण माल आला नाही, म्हणून देणं ताळेबंदात नाही. जून २०२३ मध्ये इंडिगोने पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात एअरबसला एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली. विमानं पुढच्या दशकात टप्प्याटप्प्याने यायची, काही भाडेपट्टीने वित्तपुरवठा होऊन येणार, म्हणून तो आकडा आजच्या कर्जासारखा वाचायचा नसतो. पण वाचायचा असतोच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. टिपेत लिहिलंय: भांडवली करार, ॲडव्हान्स वजा जाता, ३१० कोटी. शेजारी गेल्या वर्षीचा आकडा ४५ कोटी. कंपनीकडे रोख ६० कोटी, आणि धंद्यातून वर्षाला १३० कोटी येतात. म्हणजे आजची रोख आणि पुढच्या दोन वर्षांची सगळी कमाई मिळून ३२० कोटी. तेवढ्यात ही ऑर्डर जेमतेम बसते. लाभांश, जुन्या कर्जाचे हप्ते, कामगारांचा नवा पगारकरार यांना जागा उरत नाही. आता अध्यक्षांच्या पत्रात ‘कर्ज न घेता विस्तार’ असं लिहिलेलं असेल, तर तुम्हाला विचारायला एक नेमका प्रश्न मिळाला.

तिसरी ओळ, ‘इतर’, ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कच्च्या मालाची रोजची खरेदी तिथे येत नाही. रद्द करता न येणारे मोठे करार तेवढे यायला हवेत. त्यातला सर्वांत कडक प्रकार म्हणजे ‘घ्या किंवा पैसे द्या’. इंग्रजीत टेक ऑर पे. माल उचला, नाहीतर न उचललेल्या मालाचेही पैसे मोजा.

महाराष्ट्राला हे समजावून सांगायची गरज नसावी. दाभोळ आपण भोगलेलं आहे. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. पहिला टप्पा ७४० मेगावॅटचा, मे १९९९ मध्ये सुरू झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा स्थिर आकार द्यायचाच होता, आणि दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधलेला. रुपया घसरला, नाफ्था महागला, तशी गुहागरची वीज मंडळाच्या आवाक्याबाहेर गेली. मंडळामागे राज्य सरकारची हमी होती, राज्याच्या हमीमागे केंद्राची प्रतिहमी. फेब्रुवारी २००१ मध्ये दाभोळ कंपनी थेट केंद्राच्या प्रतिहमीपर्यंत पोचली. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं. मंडळाने त्यासाठी कर्ज काढलेलं नव्हतं. फक्त वीज विकत घेण्याचं वचन दिलं होतं, आणि त्या वचनाने कर्जापेक्षा जड ओझं टाकलं. माझे वडील तेव्हा रोज सकाळी पेपरमधली दाभोळची बातमी मोठ्याने वाचायचे. त्यातलं ‘प्रतिहमी’ म्हणजे काय, हे मला पुढे ऑफिसात समजलं.

दाभोळवरून चार प्रश्न तयार होतात आणि ते कुठल्याही खरेदीकराराला लागतात. किमान किती माल उचलावाच लागतो? दर कशाला बांधलाय? पैसे कुठल्या चलनात? आणि आपण घेतलेला माल पुढे विकण्याचा तेवढाच पक्का करार कुणाशी आहे का?

चौथ्या प्रश्नासाठी पेट्रोनेट एलएनजी पाहा. कतारच्या रासगॅसकडून वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायू घेण्याचा तिचा पंचवीस वर्षांचा करार. दर जपानमध्ये आयात होणाऱ्या कच्च्या तेलाच्या किमतीच्या लांब मुदतीच्या सरासरीवर बांधलेला. २०१४-१५ मध्ये तेल कोसळलं, बाजारात वायू निम्म्याच्या आसपास मिळायला लागला, पण करारातला दर सरासरीमुळे वरच राहिला. पेट्रोनेटने २०१५ मध्ये माल कमी उचलला. टेक ऑर पेप्रमाणे दंड सुमारे १२,००० कोटी रुपयांचा बसत होता. ३१ डिसेंबर २०१५ ला करार नव्याने झाला, दराचं सूत्र बदललं, दंड माफ झाला, बदल्यात न उचललेला वायू पुढे उचलायचं आणि आणखी वर्षाला १० लाख टन घ्यायचं ठरलं. पेट्रोनेटचा वायू पुढे गेल, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियम घेतात, म्हणजे तिच्या वचनामागे दुसऱ्यांची वचनं उभी होती. विकणाऱ्यालाही हे गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं. तुमच्या कंपनीमागे असं कुणी उभं आहे का, हे पाहणं म्हणूनच गरजेचं. माझ्या त्या रसायन कंपनीमागे कुणीच नव्हतं.

खरेदीचं वचन मालाचंच असतं असंही नाही. शेअर परत घेण्याचंही असतं. जपानच्या एनटीटी डोकोमोने २००९ मध्ये टाटा टेलिसर्व्हिसेसचा २६.५ टक्के हिस्सा ११७ रुपये शेअरने घेतला, आणि ठरलेली उद्दिष्टं गाठली गेली नाहीत तर निदान निम्म्या किमतीला गिऱ्हाईक मिळवून देण्याचं वचन टाटा सन्सने दिलं. डोकोमो बाहेर पडायला निघाली तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम आडवा आला: आधी ठरवलेल्या किमतीला नाही, त्या वेळच्या रास्त किमतीलाच, म्हणजे २३.३४ रुपयांना. वचन एकीकडे, नियम दुसरीकडे. जून २०१६ मध्ये लंडनच्या लवादाने सुमारे ११७ कोटी डॉलर द्यायला सांगितले आणि एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिल्यावर पैसे देण्याची वाट मोकळी झाली. टिपेत ‘पुट ऑप्शन’, म्हणजे ठरल्या किमतीला शेअर परत विकण्याचा हक्क, हा शब्द दिसला की थांबा, किंमत आणि तारीख वहीत लिहा.

पायरी ४: दावे, कर आणि दंड

आता संभाव्य देयतेची टीप. यातही तीन ओळी: मान्य न केलेले दावे, हमी, आणि इतर. बहुतेक कंपन्यांत सर्वांत मोठा आकडा कराचा असतो. त्याने घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. कर खात्याची मागणी निघणं आणि ती शेवटपर्यंत टिकणं यात फार अंतर असतं.

ते अंतर मोजायला एक उत्तम तक्ता तयार असतो, आणि नव्या माणसाला तो कुणी दाखवत नाही. ऑडिटरच्या अहवालाला जोडपत्र असतं, कॅरो २०२० या आदेशाखालचं. ऑडिटरने काय काय कळवायचं, हे ठरवणारा हा सरकारी आदेश. त्याच्या सातव्या कलमात वाद चालू असल्यामुळे न भरलेले कर एकेक करून येतात: कायदा कुठला, रक्कम किती, कुठल्या वर्षाचा, आणि वाद कुठल्या पायरीवर आहे. प्राप्तिकर आयुक्त (अपील) म्हणजे पहिलीच पायरी, पुढे बराच रस्ता. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण म्हणजे मधली. उच्च न्यायालय. आणि सर्वोच्च न्यायालय म्हणजे निकाल विरुद्ध लागला तर पुढे दार जवळपास नाहीच. मी वहीत सर्वोच्च न्यायालयाच्या ओळींवर लाल पेनाने खूण करतो. दहा कोटींची पहिल्या पायरीवरची मागणी आणि दहा कोटींची सर्वोच्च न्यायालयातली मागणी यांत फार फरक आहे.

मग वर्ष बघा. वाद २००८-०९ चा असेल तर व्याज चढत असतं. प्राप्तिकराच्या थकलेल्या मागणीवर साधारण दरमहा १ टक्का, म्हणजे दहा वर्षांत मुद्दलाहून जास्त. टिपेतल्या आकड्यात व्याज धरलंय की नाही, हे खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं तर नाही धरलं असं समजूनच मी चालतो.

व्याज काय करू शकतं याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण एजीआरचं. दूरसंचार कंपन्यांनी समायोजित सकल महसुलाचा, म्हणजेच एजीआरचा, ठरावीक हिस्सा परवाना शुल्क म्हणून सरकारला द्यायचा होता. त्या महसुलात भाडं, व्याज, लाभांश, हँडसेटची विक्री धरायची की नाही, यावर दीड दशक वाद चालला. कंपन्या ही रक्कम मुख्यतः टिपेत दाखवत राहिल्या. २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. परवाना शुल्कापोटी सगळ्या कंपन्यांकडे मिळून सुमारे ९२,६४० कोटींची मागणी होती. त्यात मुद्दल जेमतेम २३,१९० कोटी. व्याज ४१,६५० कोटी, दंड सुमारे १०,९२० कोटी, आणि त्या दंडावरचं व्याज पुन्हा १६,८८० कोटींच्या घरात. मुद्दल एक आणि वर त्याच्या तिप्पट. व्होडाफोन आयडियाने त्या तिमाहीत ५०,९२१ कोटींचा तोटा जाहीर केला, भारती एअरटेलने २३,०४५ कोटींचा. काल टिपेत असलेला आकडा एका दिवसात पहिल्या कप्प्यात आला.

शेअरधारकाने ही गोष्ट इथे सोडू नये. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने दहा वर्षांचे हप्ते दिले. पुढे व्होडाफोन आयडियाच्या सरकारकडच्या थकबाकीचे (त्यात स्पेक्ट्रमचीही होती) शेअर झाले: २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे आणि २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींचे, आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. देणं कंपनीचं होतं. पण ज्याच्याकडे आधीपासून शेअर होते त्याचा कंपनीतला वाटा आक्रसत गेला आणि त्याने ते असं चुकतं केलं.

आणि याच निकालाची दुसरी बाजू. त्याच व्याख्येचा आधार घेऊन दूरसंचार खात्याने गेलकडे १.७२ लाख कोटी रुपये मागितले, ऑइल इंडियाकडे ४८,००० कोटी. या कंपन्यांकडे दूरसंचाराचे परवाने होते, पण मुख्य धंदा वायू आणि तेल. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मागणीवर कठोर ताशेरे ओढले आणि काही दिवसांतच खात्याने सार्वजनिक कंपन्यांवरच्या सुमारे ४ लाख कोटींच्या मागणीतली ९६ टक्के मागे घेतली. आकडा मोठा म्हणून जो घाबरून विकून मोकळा झाला तो चुकला. वाद कशावर आहे, तो कंपनीच्या मूळ धंद्यातल्या पैशाशी जोडलेला आहे का, हे वाचायला दहा मिनिटं लागतात.

नियामकांचे दंड वेगळ्या मापाने वाचा. स्पर्धा आयोग तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकतो. उलाढालीच्या, नफ्याच्या नव्हे. ज्या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीवर पाच रुपये सुटतात, तिथे हा दोन वर्षांचा नफा झाला. जून २०१२ मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल सुमारे ६,३०० कोटींचा दंड केला. तो अपिलात रद्द झाला, ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा लागला, २०१८ मध्ये अपिलात कायम झाला आणि त्याच वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या कुणाकडे सिमेंटचे शेअर आहेत त्याच्या वहीत ही ओळ वर्षानुवर्षं राहिलेली असायला हवी.

पायरी ५: आकडा नसलेल्या ओळी

टिपेच्या खाली एक-दोन परिच्छेद असे असतात ज्यात रक्कमच नसते. ‘परिणामाचा भरवशाचा अंदाज सध्या करता येत नाही.’ डोळा आपसूक यावरून घसरतो, कारण बेरजेत काही मिळवायचं नसतं. इथे मुद्दाम थांबा.

२८ फेब्रुवारी २०१९ ला भविष्यनिर्वाह निधीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्तेही वर्गणीसाठी मूळ वेतनात धरायचे. मागच्या किती वर्षांपासून, हे स्पष्ट नव्हतं. त्या वर्षीच्या असंख्य अहवालांत ही ओळ आली, आकड्याशिवाय. ज्या कंपनीकडे पाचशे कामगार तिला फरक थोडा. सुरक्षारक्षक आणि हाउसकीपिंगची माणसं पुरवणाऱ्या कंपनीकडे हजारो, आणि पगारच तिचा मुख्य खर्च. शब्द तेच, वजन वेगळं. आकडा कंपनी देत नसेल तर ढोबळ अंदाज आपण करायचा: कामगार किती, पगारखर्च किती, त्यात वर्गणी किती.

आणि काही जोखीम कुठल्याच टिपेत आधी नसते. जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी बाजारातून काढायला लावली, तेव्हा नेस्ले इंडियाच्या आधीच्या अहवालातल्या दाव्यांच्या बेरजेतून ते कळणं शक्य नव्हतं. त्या तिमाहीत कंपनीला ४५० कोटींच्या आसपासचा अपवादात्मक खर्च दाखवावा लागला आणि नफ्यातली कंपनी तोट्यात गेली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला. कंपनी सावरली, कारण कर्ज नव्हतं आणि हाताशी पैसा होता. टिपा वाचून सगळं कळेल असं मी म्हणणार नाही. पण अशा धक्क्यासाठी गंगाजळी आहे का, हे ताळेबंदात कळतं.

पायरी ६: उलट्या बाजूला बघा

हे मला एका वरिष्ठांनी शिकवलं. अपील करायचं तर आधी काही रक्कम भरावी लागते. जीएसटीच्या पहिल्या अपिलासाठी वादातल्या कराच्या १० टक्के. प्राप्तिकरात वसुलीला स्थगिती हवी तर सर्वसाधारणपणे २० टक्के. ‘निषेध नोंदवून’ भरलेले हे पैसे खर्चात जात नाहीत. ते ताळेबंदाच्या मालमत्तेच्या बाजूला, ‘इतर बिगरचालू मालमत्ता’ किंवा ‘सरकारी खात्यांकडील शिल्लक’ अशा नावाने बसतात. हरले तर ती मालमत्ता पुसली जाते. म्हणून टिपेतला आकडा वाचला की पानं मागे उलटून ही रक्कम शोधा. दरवर्षी वाढत असेल, तर खटले पुढच्या पायऱ्या चढतायत.

पायरी ७: वही

मी प्रत्येक कंपनीला एक पान देतो. डावीकडे पाच वर्षं खालीखाली. आडवे रकाने: भांडवली करार, इतर वचनं, कराचे वाद, इतर दावे, हमी, नक्त मालमत्ता, वर्षाचा नफा, हातातली रोख. बेरीज करून एकच गुणोत्तर काढण्याचा मोह आवरा, कारण हमी आणि कराचा वाद ही एकाच पोत्यात घालायची धान्यं नाहीत. मी आधी बदल बघतो. इतर दावे १२ कोटींवरून ९० वर गेले, काय झालं? हमी २०० कोटींची होती ती शून्य झाली, कर्ज फिटलं की उपकंपनीच विकली? एखादी ओळ गेल्या वर्षी होती, यंदा नाही, आणि तरतुदीतही काही वाढलं नाही. मग ती ‘शक्यता दूरची’ या कप्प्यात सरकवली असेल. का, हे शोधायचं.

मग ऑडिटरच्या अहवालातला ‘की ऑडिट मॅटर्स’ हा भाग. ऑडिटरला कुठे सर्वांत जास्त डोकं घालावं लागलं, ते इथे येतं. खटले आणि कराचे वाद इथे आले असतील तर ते चार परिच्छेद दोनदा वाचा.

पायरी ८: वर्षाच्या मध्ये आणि आयपीओच्या वेळी

अहवाल वर्षातून एकदा येतो, खटले मात्र रोज चालतात. सेबीच्या नियमांप्रमाणे महत्त्वाचे वाद आणि आदेश कंपनीने शेअरबाजारांना कळवायचे असतात. महत्त्वाचं कधी? उलाढालीच्या २ टक्के, नक्त मालमत्तेच्या २ टक्के, किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफा-तोट्याच्या ५ टक्के, यांतला जो सर्वांत लहान आकडा, त्याच्या वर गेलं की. बीएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांची यादी महिन्यातून एकदा नजरेखालून घाला.

आयपीओला अर्ज करण्याआधी माहितीपत्रकातलं ‘प्रलंबित खटले’ हे प्रकरण उघडा. तिथे कंपनीबरोबर प्रवर्तक आणि संचालकांवरचे खटलेही येतात. ग्रे मार्केटचा, म्हणजे नोंदणीआधीचा अनधिकृत, भाव बघायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागतो.

आणि शंका उरली तर विचारा. एक शेअर असला तरी तुम्ही मालक आहात. वार्षिक सभेत बोलण्यासाठी आधी नाव नोंदवता येतं, कंपनी सेक्रेटरीला ईमेल पाठवता येते. गेल्या वर्षी मी एका कंपनीच्या ऑनलाइन सभेत विचारलं, की टिपेतल्या पुरवठादाराच्या दाव्यात व्याज धरलंय का, आणि लवादाची सुनावणी कुठवर आलीय. अध्यक्षांनी माइक वित्तसंचालकांकडे दिला. ते म्हणाले, ‘व्याज धरलेलं नाही. सुनावणी संपलीय, निकाल राखून ठेवलाय.’ दोन वाक्यं. अहवालाच्या दोनशे ऐंशी पानांत ती नव्हती. मी त्या कंपनीच्या पानावर ती तारखेसह लिहून ठेवली आणि तिचे आणखी शेअर घ्यायचे थांबलो.